ईटीएफचा बीटा: पण कशाच्या तुलनेत?

वाचकांचे प्रश्न, गुंतवणूक सदर

ईटीएफ, म्हणजे शेअरप्रमाणेच बाजारात नोंदवलेले आणि डीमॅट खात्यातून विकत घेता येणारे फंड, आपल्याकडे आता नवे राहिलेले नाहीत. राष्ट्रीय शेअर बाजारातील 50 मोठ्या कंपन्यांच्या निफ्टी 50 या निर्देशांकावर आधारलेला पहिला ईटीएफ डिसेंबर 2001 मध्ये आला, आणि 2015 पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधीत नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही हिस्साही ईटीएफमार्फत शेअर बाजारात जातो. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, अशांचाही या प्रकाराशी संबंध आलेला आहे. या अंकासाठी निवडलेली पत्रे बीटा, म्हणजे एखाद्या निर्देशांकाच्या तुलनेत फंड किती हलतो हे सांगणारा आकडा, या एकाच आकड्याभोवतीची आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझ्याकडे निफ्टी 50 चा एक आणि सरकारी बँकांच्या निर्देशांकाचा एक, असे दोन ईटीएफ आहेत. माहिती देणाऱ्या पानावर दोन्हींचा बीटा 1 च्या आसपास दाखवला आहे. म्हणजे दोन्हींतील बाजारजोखीम सारखी समजायची का? अनुभव मात्र तसा नाही. (निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर)

उत्तर: आपला अनुभव बरोबर आहे आणि छापलेला आकडाही बहुधा चुकीचा नाही. गोम अशी आहे की ते दोन आकडे दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

बीटा हा नेहमी कशाच्या तरी तुलनेत मोजला जातो. ज्याच्याशी तुलना करायची तो निर्देशांक 1 टक्का हलला, तर आपला फंड सरासरीने किती टक्के हलतो, एवढेच तो सांगतो. बीटा 1 असेल तर फंड त्या निर्देशांकाइतकाच हलतो, 1.3 असेल तर सुमारे तीस टक्के अधिक, आणि 0.7 असेल तर तितकाच कमी. आता फंडाच्या माहितीपत्रकात बीटा देताना तुलना बहुतेक वेळा त्या फंडाच्या स्वतःच्या मानदंड निर्देशांकाशी केलेली असते. सक्रिय व्यवस्थापन असलेल्या फंडाच्या बाबतीत त्याला अर्थ आहे, कारण व्यवस्थापकाने मानदंडापेक्षा किती जास्त धोका पत्करला हे त्यातून कळते. ईटीएफचे कामच मुळी आपल्या निर्देशांकाची नक्कल करण्याचे आहे. सरकारी बँकांचा ईटीएफ सरकारी बँकांच्या निर्देशांकाशी ताडून पाहिला, तर बीटा 1 येणार नाही तर काय येणार? सोन्याच्या ईटीएफची सोन्याच्या भावाशी तुलना केली तरी 1 च येईल. हा आकडा फंडाने नक्कल नीट केली की नाही, एवढेच सांगतो. आपल्या पैशावर बाजाराच्या हालचालीचा किती परिणाम होईल, हे त्याला विचारून उपयोग नाही.

त्यासाठी सर्व ईटीएफना एकच मोजपट्टी लावली पाहिजे, आणि भारतीय गुंतवणूकदारासाठी ती निफ्टी 50 किंवा त्याहून व्यापक असा निफ्टी 500 असावी. ही मोजपट्टी लावण्याचा सोपा मार्गही आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या निर्देशांक कंपनीकडून प्रत्येक निर्देशांकाचे दरमहा प्रसिद्ध होणारे माहितीपत्रक मोफत मिळते. त्यात प्रमाण विचलन (परतावे सरासरीच्या वरखाली किती हेलकावतात याचे माप), निफ्टी 50 च्या तुलनेतील बीटा आणि निफ्टी 50 शी असलेला सहसंबंध (दोन्ही किती एकत्र हलतात याचे माप) हे तिन्ही आकडे एका चौकटीत दिलेले असतात. म्हणजे फंडाचे पत्रक बाजूला ठेवून त्याच्या मागच्या निर्देशांकाचे पत्रक उघडायचे. हा एक बदल केला, तरी आपल्याला पडलेला पेच सुटतो.

आपल्या फंडाबद्दल मात्र आणखी थोडे सांगायला हवे, कारण बीटाच्या मर्यादा समजून घेण्यासाठी सरकारी बँकांइतके बोलके उदाहरण सहसा सापडत नाही. लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीच्या दिवशी, 4 जून 2024 रोजी, निफ्टी 50 जवळजवळ 6 टक्के कोसळला आणि सरकारी बँकांचा निर्देशांक सुमारे 15 टक्के. भागाकार केला तर अडीचपट होतो, आणि त्या रात्री अनेकांनी तो करून पाहिला असेल. पण अडीच हा त्या निर्देशांकाचा बीटा नव्हे. त्या दिवशी बाजार पडण्याचे कारणच असे होते, की सरकारी कंपन्यांना त्याची झळ इतरांपेक्षा कितीतरी अधिक बसावी. उलट दिशेचा दाखला 25 ऑक्टोबर 2017 चा आहे. आदल्या दिवशी केंद्र सरकारने सरकारी बँकांच्या पुनर्भांडवलीकरणासाठी, म्हणजे त्यांना नवे भांडवल पुरवण्यासाठी, 2.11 लाख कोटी रुपयांची योजना जाहीर केली होती. निफ्टी 50 त्या दिवशी एक टक्काही चढला नाही, सरकारी बँकांचा निर्देशांक मात्र जवळपास 30 टक्क्यांनी उसळला. बीटा कितीही धरला, तरी ही उसळी बाजाराच्या हालचालीतून निघत नाही. ती त्या क्षेत्राची स्वतःची होती, आणि उद्या घसरणही तशीच स्वतःची असू शकते.

म्हणून क्षेत्रीय ईटीएफ पाहताना बीटाच्या शेजारचा सहसंबंधाचा आकडाही वाचावा. सहसंबंध 1 च्या जितका जवळ, तितकी बीटाची विश्वासार्हता अधिक. तो खाली असेल, तर फंडाच्या चढउतारांचा बराच भाग बाजाराबाहेरच्या कारणांनी घडतो आहे आणि बीटा त्याबद्दल काहीच सांगत नाही, असे समजावे.

प्रश्न: बीटा स्वतः काढता येतो का? मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. पुस्तकातील सूत्र पाठ आहे, पण प्रत्यक्ष आकडे घेऊन कधी केलेले नाही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अवश्य काढावा, आणि पहिल्यांदा कागदावरच काढावा. पुढील आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही प्रत्यक्ष फंडाचे नाहीत.

समजा, सहा महिन्यांत निर्देशांकाचा मासिक परतावा अनुक्रमे अधिक 2, उणे 3, अधिक 4, अधिक 1, उणे 5 आणि अधिक 1 टक्का आहे. ईटीएफचा परतावा त्याच महिन्यांत अधिक 3, उणे 4, अधिक 5, शून्य, उणे 7 आणि अधिक 3 टक्के आहे. दोन्ही रांगांची बेरीज, आणि म्हणून सरासरीही, शून्य येते. आकडे मुद्दाम तसे निवडले आहेत, म्हणजे सरासरी वजा करण्याची पायरी वाचते. प्रत्यक्षात प्रत्येक परताव्यातून त्या रांगेची सरासरी आधी वजा करावी लागते.

आता दर महिन्याच्या दोन आकड्यांचा गुणाकार करा: 6, 12, 20, 0, 35 आणि 3. बेरीज 76. मग फक्त निर्देशांकाच्या आकड्यांचे वर्ग घ्या: 4, 9, 16, 1, 25 आणि 1. बेरीज 56. 76 ला 56 ने भागले की सुमारे 1.36 येतात. हा झाला बीटा. पुस्तकातील सूत्रात वर आणि खाली महिन्यांच्या संख्येने भागलेले असते, ते दोन्हीकडून कटते, म्हणून इथे दिसत नाही.

एवढ्यावर थांबू नका. ईटीएफच्या आकड्यांचे वर्ग घेतले तर 9, 16, 25, 0, 49 आणि 9, म्हणजे एकूण 108. आता 76 चा वर्ग 5,776 आणि 56 गुणिले 108 म्हणजे 6,048. पहिल्याला दुसऱ्याने भागले की 0.955 मिळतात. याला आर-स्क्वेअर म्हणतात, आणि त्याचा अर्थ असा, की या सहा महिन्यांतील ईटीएफच्या चढउतारांपैकी 95 टक्क्यांहून अधिक भाग निर्देशांकाच्या चढउतारांशी जुळतो. मागच्या उत्तरातील सहसंबंध म्हणजे याच आकड्याचे वर्गमूळ. बीटा आर-स्क्वेअरशिवाय वाचू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन्ही आकडे शेजारी न देणाऱ्या तक्त्यांवर मी फारसा विसंबत नाही.

संगणकावर हेच काम एक्सेलमधील स्लोप आणि आरएसक्यू या दोन सूत्रांनी होते. स्लोपमध्ये आधी ईटीएफचा रकाना आणि नंतर निर्देशांकाचा रकाना द्यायचा असतो. क्रम उलटा झाला तर सूत्र कुरकुर करत नाही, मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. वरील उदाहरणात क्रम उलटवला तर 76 भागिले 108, म्हणजे 0.70 येईल, आणि बाजारापेक्षा आक्रमक असलेला फंड बचावात्मक भासेल. दुसरी काळजी अशी, की सूत्रात भाव घालायचे नाहीत, परतावे घालायचे. चढत्या बाजारात भावांच्या दोन रांगा एकमेकींशी छान जुळलेल्या दिसतात आणि येणारा आकडा निरर्थक असतो.

किती काळाचे आकडे घ्यावेत? प्रचलित रिवाज पाच वर्षांच्या मासिक परताव्यांचा, म्हणजे साठ नोंदींचा आहे. दोन वर्षांचे साप्ताहिक परतावेही चालतात. सहा महिन्यांचे उदाहरण केवळ हाताने करता यावे म्हणून घेतले. त्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. मार्च 2020 सारखा एखादा महिना त्या साठ नोंदींत आहे की नाही, यानेही उत्तर हलते. पाच वर्षांच्या खिडकीतून तो महिना 2025 मध्ये बाहेर पडला, आणि त्यानंतर अनेक निर्देशांकांचे बीटा निर्देशांकात काहीही न बदलता बदलले असतील, तर त्यात नवल नाही.

प्रश्न: सोन्याच्या ईटीएफचा बीटा शून्याच्या आसपास असतो, असे वाचले. मग त्यात जोखीम नाही असे म्हणायचे का? (वाचक, जळगाव)

उत्तर: नाही. त्यात शेअर बाजाराची जोखीम नगण्य आहे, सोन्याची जोखीम पुरेपूर आहे.

मागच्या उत्तरातील निर्देशांकाचे तेच सहा महिने घ्या आणि त्याच्यासमोर दुसरा काल्पनिक फंड ठेवा, ज्याचे परतावे उणे 4, अधिक 2, अधिक 5, उणे 6, अधिक 1 आणि अधिक 2 टक्के आहेत. गुणाकारांची बेरीज उणे 3 येते, म्हणून बीटा उणे 0.05, जवळजवळ शून्य. पण याच फंडाच्या परताव्यांच्या वर्गांची बेरीज 86 आहे, आणि निर्देशांकाची 56 होती. म्हणजे हा फंड निर्देशांकापेक्षा अधिक हेलकावे खातो आहे, फक्त बाजाराच्या तालावर नाही. बीटाला ताल दिसतो, बेताल हेलकावा दिसत नाही. तो प्रमाण विचलनात दिसतो.

जळगावच्या सराफ बाजाराजवळ राहणाऱ्यांना सोन्याचा स्वभाव मी सांगायला नको, तरी दोन तारखा नोंदवतो. 15 एप्रिल 2013 रोजी जागतिक बाजारात सोने एकाच दिवसात 9 टक्क्यांच्या आसपास घसरले. आणि 23 जुलै 2024 रोजी अर्थसंकल्पात सोन्यावरील आयातशुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आणले गेले, तेव्हा जगात सोन्याला विशेष काही झाले नसतानाही आपल्याकडील भाव आणि त्यासोबत सुवर्ण ईटीएफची किंमत त्याच दिवशी खाली आली. शुल्ककपातीचा हा धोका ना निफ्टीच्या बीटात होता, ना परदेशी सोन्याच्या आलेखात.

शून्य बीटाचा खरा उपयोग वेगळा आहे. शेअरच्या ईटीएफबरोबर थोडे सोने ठेवले, तर एकत्रित रकमेची बाजारजोखीम कमी होते. सोने एकटे ठेवले तर बीटा शून्य असल्याचा आपल्याला काडीचाही फायदा नाही.

प्रश्न: अमेरिकेच्या नॅस्डॅक 100 निर्देशांकाचा आपल्या बाजारातील ईटीएफ मी घेतला आहे. दैनंदिन आकड्यांवरून त्याचा निफ्टीच्या तुलनेतील बीटा फारच कमी येतो. हे खरे मानावे का? (संगणक अभियंता, ठाणे)

उत्तर: अर्धेच खरे मानावे. मुंबईचा बाजार दुपारी साडेतीनला बंद होतो आणि अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी सात किंवा आठला उघडतो. त्यामुळे आपल्या ईटीएफच्या आजच्या भावात प्रामुख्याने काल रात्रीची अमेरिका असते, तर निफ्टीत आजची मुंबई. दोन वेगळ्या दिवसांच्या बातम्या एकाच तारखेखाली जुळवल्या की त्यांचा संबंध आहे त्यापेक्षा क्षीण दिसतो. संख्याशास्त्रात हा दोष जुना आणि परिचित आहे. 1977 मध्ये शोल्स आणि विल्यम्स यांनी आणि 1979 मध्ये डिम्सन यांनी त्यावर दुरुस्तीच्या पद्धती सुचवल्या. आपल्याला तितक्या खोलात शिरण्याची गरज नाही. साप्ताहिक किंवा मासिक परतावे घेतले की दोष बराचसा विरतो आणि बीटा वर सरकतो. क्वचितच उलाढाल होणाऱ्या लहान ईटीएफनाही हीच गोष्ट लागू आहे, कारण त्यांचा शेवटचा सौदा सकाळी अकराचा असेल तर दुपारची घसरण त्या दिवशीच्या भावात उमटतच नाही.

आपल्या फंडाबाबत दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. म्युच्युअल फंड उद्योगाला परदेशी गुंतवणुकीसाठी एकूण 7 अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि 2022 च्या सुरुवातीला ती गाठली गेल्यापासून अशा फंडांना नवी युनिट मनाजोगती निर्माण करता येत नाहीत. एरवी ईटीएफचा बाजारभाव निव्वळ मालमत्ता मूल्याच्या, म्हणजे फंडाकडील मालमत्तेच्या दर युनिटमागील मूल्याच्या, वर गेला, की बाजारनिर्माते (सतत खरेदी-विक्रीची तयारी ठेवणारे मोठे व्यापारी) फंडाकडून नवी युनिट घेऊन विकायला काढतात आणि तफावत मिटते. ही झडप बंद पडली की मागणीच्या जोरावर भाव मूल्याच्या बराच वर तरंगत राहतो. समजा मूल्य 100 रुपये आहे आणि आपण 115 रुपयांना घेतले. उद्या ही तफावत नाहीशी झाली, तर नॅस्डॅक जागचा हलला नाही तरी आपले 13 टक्के नुकसान होते. मूल्यावरून काढलेल्या बीटात याचा मागमूस नसतो, आणि बाजारभावावरून काढला तरी तफावत जोवर स्थिर आहे तोवर ती लपलेलीच राहते. खरेदीपूर्वी फंड कंपनीच्या संकेतस्थळावर दिवसभर झळकणारे सूचक मूल्य आणि ब्रोकरच्या पडद्यावरील भाव हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे, हे बीटा काढण्यापेक्षा या फंडात अधिक निकडीचे काम आहे.

प्रश्न: निफ्टी 50 च्या ईटीएफचा बीटा 1, म्हणजे सरासरी. मग त्याच्या जोखीममापकाचा काटा 'अतिउच्च' वर का? (वाचक, नाशिक)

उत्तर: कारण सेबीचा जोखीममापक बीटा मोजत नाही. तो शेअर, रोखे, सोने अशा सर्व प्रकारच्या योजनांना एकाच सहा पायऱ्यांच्या मापावर ठेवतो, आणि त्या मापावर शेअर हे वरच्या टोकालाच असतात. बीटा मात्र शेअर बाजारालाच 1 धरून पुढची तुलना करतो. 1 म्हणजे सौम्य असा समज होण्याचे कारण हेच आहे. जानेवारी 2008 मध्ये 6,200 च्या वर बंद झालेला निफ्टी त्याच वर्षीच्या 27 ऑक्टोबरला 2,600 च्या खाली बंद झाला, म्हणजे दहा महिन्यांत सुमारे 60 टक्क्यांची घट. त्या दहा महिन्यांतही निफ्टी ईटीएफचा बीटा 1 च होता.

प्रश्न: जास्त बीटा म्हणजे जास्त परतावा, असे आमच्या अभ्यासक्रमात आहे. मग दीर्घकाळासाठी जास्त बीटाचाच ईटीएफ का घेऊ नये? (एमबीएचा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: अभ्यासक्रमातील ते विधान विल्यम शार्प यांनी 1964 मध्ये मांडलेल्या प्रतिमानातून आलेले आहे. शार्प यांना 1990 मध्ये मार्कोविट्झ आणि मिलर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला, त्यामागे हे कामही होते. पण अभ्यासक्रमाचे पुढचे पानही वाचावे. 1972 मध्ये ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी अमेरिकेतील शेअरचे प्रत्यक्ष आकडे तपासले, तेव्हा बीटा आणि परतावा यांतील रेषा सिद्धान्त सांगतो त्यापेक्षा बरीच सपाट निघाली. कमी बीटाच्या शेअरनी अपेक्षेपेक्षा अधिक दिले आणि जास्त बीटाच्या शेअरनी अपेक्षेपेक्षा कमी. 1992 मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी कंपनीचा आकार लक्षात घेतल्यावर केवळ बीटावरून परताव्याचा उलगडा होत नसल्याचे दाखवले. बीटा जोखमीचे माप म्हणून वापरावा. परताव्याचा वायदा म्हणून वापरू नये.

आपल्याकडे हे ताडून पाहण्याची सोयही आहे. राष्ट्रीय शेअर बाजाराचा एक निर्देशांक मुद्दाम जास्त बीटाच्या 50 शेअरचा आहे, आणि दुसरा निफ्टी 100 मधील सर्वांत कमी हेलकाव्याच्या 30 शेअरचा. या दुसऱ्यावर ईटीएफही उपलब्ध आहेत. त्यातील निवड बीटावर होत नाही, गेल्या वर्षभराच्या प्रमाण विचलनावर होते, पण बीटा साहजिकच 1 पेक्षा कमी येतो. दोन्हींची दीर्घ मुदतीची माहितीपत्रके शेजारी ठेवून परतावा आणि प्रमाण विचलन पाहा. प्रकल्पासाठी हा विषय चांगला आहे.

प्रश्न: माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे 'तिप्पट' ईटीएफ मिळतात, त्यांचा बीटा 3 असतो आणि बाजार वर जाणारच असल्याने ते घेऊन ठेवावेत, असे तो म्हणतो. आपले मत काय? (वाचक, पुणे)

उत्तर: त्या फंडांचे तिप्पटीचे आश्वासन एका दिवसापुरते असते, आणि ते त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असते. 100 वर असलेला निर्देशांक आज 10 टक्के चढला आणि उद्या 10 टक्के पडला, तर 99 वर येतो. तिप्पट फंड आज 130 वर जातो आणि उद्या त्यातून 30 टक्के, म्हणजे 39 गमावून 91 वर येतो. निर्देशांकाचे नुकसान 1 टक्का आणि फंडाचे 9. बाजार सरळ चढत गेला तर हाच गुणाकार फायद्याचाही ठरतो, पण बाजार सरळ चढत नाही. चिरंजीवांना वर्षानुवर्षे ठेवायचे असतील तर हे साधन त्यासाठी बनवलेलेच नाही.

प्रश्न: भारत बाँडसारख्या रोख्यांच्या ईटीएफचा बीटा किती धरावा? (वाचक, सातारा)

उत्तर: शेअर बाजाराच्या तुलनेत जवळजवळ शून्य. मात्र त्या फंडासाठी बीटा पाहण्यापेक्षा सुधारित कालावधी हा आकडा पाहावा. तो 5 असेल तर व्याजदर 1 टक्क्याने वाढल्यास मूल्य सुमारे 5 टक्के घटते. मुदतपूर्तीपर्यंत थांबणाऱ्याला याची झळ कमी बसते.

प्रश्न: मी आणि यजमान दोघेही निवृत्त आहोत. दहा लाखांपैकी चार लाख निफ्टी 50 ईटीएफमध्ये, तीन लाख बँक निर्देशांकाच्या ईटीएफमध्ये, दोन लाख सुवर्ण ईटीएफमध्ये आणि एक लाख लिक्विड (अगदी अल्पमुदतीच्या कर्जसाधनांत पैसे ठेवणाऱ्या) ईटीएफमध्ये आहेत. एकूण जोखीम कशी मोजावी? (वाचक, मडगाव)

उत्तर: बीटाचा सर्वांत व्यवहारी उपयोग इथेच आहे, कारण एकत्रित बीटा हा निरनिराळ्या बीटांची रकमेनुसार भारित सरासरी असतो आणि तो काढायला सूत्राची गरज पडत नाही. निफ्टी ईटीएफचा बीटा 1, बँक निर्देशांकाचा हिशेबापुरता 1.2, आणि सोने व लिक्विड यांचा शून्य धरू. चार लाखांचे 0.40, तीन लाखांचे 0.36, बाकीचे काही नाही. एकूण 0.76. म्हणजे निफ्टी 10 टक्के पडला तर आपल्या दहा लाखांतून अंदाजे 76 हजार रुपये कमी होतील.

या हिशेबात दोन गोष्टी भराव्यात, असे मला वाटते. पहिली अशी, की आपण दोन शेअर-ईटीएफ घेतले असले, तरी ते वाटतात तितके वेगळे नाहीत. निफ्टी 50 मध्ये वित्तीय सेवांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो आणि त्यातील मोठ्या बँका दोन्ही फंडांत आहेत. त्यामुळे एकाचे नुकसान दुसऱ्याने भरून निघण्याची शक्यता थोडी. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी 50 सुमारे 13 टक्के पडला, तेव्हा बँक निर्देशांक जवळपास 17 टक्के पडला होता. म्हणजे त्या एका दिवसाचे गुणोत्तर 1.3 च्या घरात होते. नेहमीचा बीटा 1.2 असलेला फंड वाईट दिवशी त्याहून थोडा अधिक पडू शकतो, एवढी सैल जागा ठेवावी.

दुसरी गोष्ट 10 टक्क्यांची. हा आकडा मी केवळ सोयीसाठी घेतला. जानेवारी ते मार्च 2020 या काळात निफ्टी शिखरापासून सुमारे 38 टक्के खाली आला होता. त्या मापाने 0.76 बीटाच्या रकमेतून जवळजवळ 2 लाख 90 हजार रुपये जातात, आणि त्यात सोने कोणत्या दिशेला जाईल हे धरलेले नाही. ही रक्कम कागदावर लिहून यजमानांसमोर ठेवावी. तेवढी घट सोसून, घरखर्चासाठी युनिट न विकता, तीन-चार वर्षे काढता येतील का, हा प्रश्न आपणा दोघांचा आहे, आणि त्याचे उत्तर निवृत्तिवेतन, औषधांचा खर्च आणि बँकेतील ठेवी पाहूनच मिळेल. उत्तर 'नाही' असे आले, तर कमी करायचा फंड कोणता हेही वरच्या आकडेमोडीत आहे. बँक ईटीएफमधील तीन लाख लिक्विडमध्ये नेले, तर एकत्रित बीटा 0.76 वरून 0.40 वर येतो आणि 38 टक्क्यांच्या घसरणीतील फटका सुमारे 1 लाख 52 हजारांवर. विक्रीपूर्वी भांडवली नफ्यावरील कराचा हिशेब आपल्या सनदी लेखापालांकडून करून घ्यावा. तीनही लाख एकाच आर्थिक वर्षात काढायचे की 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन भागांत, हे त्यावरून ठरेल.